तपासणारीचं नाव

गोंदियाजवळच्या गोरेगावात चंद्रकलाबाईंना ओळखणारे पुष्कळ होते. त्या नेमकं काय काम करतात हे सांगू शकणारा मात्र मला कोणी भेटला नाही. किराणा दुकानदाराच्या मते त्या बँकेचं काहीतरी ऑनलाइन करत. पोस्टमनच्या मते त्या परदेशी परीक्षांचे पेपर तपासत. हा अंदाज त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळ होता. शेजारच्या सायत्राबाई अंदाजाच्या भानगडीत पडत नसत. त्या कुंपणापलीकडून थेट विचारत.

"काऊन वो चंद्रकला, दिवसभर त्या पडद्यात का पाहून राहतेस? ना गाना ना सिनेमा."

"लोकायच्या चुका शोधाचं काम आहे, मावशी."

"आन त्याच्यासाठी कम्प्युटर कायले पायजे? माह्या ओट्यावर येऊन बस. रोजच्या धा सापडतीन."

"तुमच्या ओट्यावरच्या दुरुस्त होत नाइत."

सायत्राबाई हसत आणि घरात जात. चंद्रकलाबाईंचं दिवसभरातलं समोरासमोरचं बोलणं बहुतेक वेळा एवढंच असे.

मी त्या काळी एका वर्तमानपत्राचा गोरेगाव तालुक्याचा वार्ताहर होतो. आमचं तालुका कार्यालय म्हणजे चंद्रकलाबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर पाटी. त्यांची कामाची खोली आमच्या मागेच. मधलं दार वाऱ्यासाठी उघडं असे. इंटरनेटचं यंत्र त्यांच्या बाजूला होतं आणि त्याची एक तार दाराखालून माझ्याकडे आली होती. चार वर्षं मी त्यांना असं पाठमोरं पाहिलं: आखूड कापलेले पांढरे केस, सुती ओढणी, खुर्चीच्या पाठीला न टेकलेली पाठ.

त्यांचं मूळ गाव इटियाडोह धरणाच्या बाजूचं. वडील पाटबंधारे खात्यात होते, बदलीनं गोरेगावला आले आणि इथेच घर बांधून राहिले. चंद्रकलाबाई हैदराबादला नेटवर्क कार्डं बनवणाऱ्या एका कंपनीत वीसेक वर्षं होत्या. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा रजा काढून आल्या. वडील गेले, रजा संपली, त्या गेल्या नाहीत. कारण मी एकदा विचारलं होतं. "इथून काम होतं," एवढं उत्तर मिळालं. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ नागपूरला, दिवाळीत येणारा. चरित्र म्हणून इतकं पुरे.

काम समजून घ्यायला मला जवळजवळ वर्ष लागलं. संगणकाच्या आत, यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्या मधे, एक मूळ प्रोग्राम बसलेला असतो. त्याला कर्नेल म्हणतात. चंद्रकलाबाई ज्या कर्नेलचं काम पाहत ते कोणा एकाच्या मालकीचं नव्हतं. जगात कुठेही बसलेला माणूस त्यात बदल सुचवू शके. बदल एका उघड्या मेल-यादीवर पाठवायचा. यादीवरच्या इतरांनी तो वाचायचा, चुका काढायच्या, आणि पटला तर खाली आपलं नाव लिहायचं, की हे मी तपासलं. ते नाव त्या बदलाबरोबर कायमचं राहतं. चंद्रकलाबाई त्यातला नेटवर्कचा भाग वाचत, आणि त्यातलीही एकच बाब. तारेवरून आलेलं माहितीचं पॅकेट संगणकाच्या स्मृतीत ज्या जागेवर उतरतं तिला बफर म्हणतात. तो बफर किती हातांतून जातो, वाटेत मजकूर विनाकारण एका जागेतून दुसऱ्या जागेत ओतला जातो का, आणि शेवटी जागा मोकळी कोण करतं, हे त्या पाहत. याचे पैसे मिळत नसत. पैशांसाठी त्या जुन्या कंपनीचं महिन्यातून थोडे दिवस काम करत.

वाचण्याची पद्धत ठरलेली होती. महत्त्वाचा बदल त्या कागदावर छापून घेत आणि व्हरांड्यात उजेडाला बसत. हातात स्टीलची पट्टी आणि सुताराची चपटी पेन्सिल. पट्टी सगळ्यात खालच्या ओळीखाली लागे आणि वर वर सरके. त्या मजकूर शेवटाकडून वाचत, कारण काही बिघडलं तर काय करायचं ते बहुधा शेवटी लिहिलेलं असतं.

"सगळं नीट झालं तर काय होतं ते लिहिणाऱ्यानं धा वेळा पाहिलेलं असते," त्या म्हणाल्या. "मी पाहायचं ते बिघडल्यावर. मेमरी मिळाली नाही, तार निघाली, मधेच कोणी सोडून गेलं. त्या वाटेनं कोणी जात नाही, म्हणून तिथं झाडझूड नसते."

आणि पट्टी सरकवताना एक प्रश्न अर्धवट ऐकू येईल अशा आवाजात विचारला जाई: "हे शेवटी कोण सोडणार?" ज्याच्या हातात बफर शेवटी राहिला त्यानं तो सोडायचा, असा नियम. दोघांनी सोडला तर घात, कोणीच सोडला नाही तर स्मृती हळूहळू भरत जाते आणि यंत्र बसतं.

हा प्रश्न कामापुरता राहिला नव्हता. नगरपंचायतीनं नळासाठी आमच्या समोरचा रस्ता खोदला तेव्हा चंद्रकलाबाई पट्टी हातात घेऊनच बाहेर गेल्या आणि कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं, "खड्डा शेवटी कोण बुजवणार?"

"बुजवना हमारे काम में नहीं आता, मॅडम. हमारा सिर्फ पाइप."

"मग कोणाच्या कामात येते?"

"वो दूसरा टेंडर निकलेगा."

"निकलेगा की निकला?"

तो पाइपांकडे वळला. चंद्रकलाबाई घरात आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, बातमी घ्या. खड्डा आहे, मालक नाही." मी घेतली. छापून आली. खड्डा पुढचा पावसाळाभर तसाच राहिला आणि सायत्राबाईंची शेळी त्यात दोनदा पडली.

वडिलांनी गावाबाहेर दोन एकर धानाची जमीन घेतली होती. ती बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलेली असे. एका वर्षी बटईदार आजारी पडला म्हणून धान घेऊन चंद्रकलाबाई स्वतः खरेदी केंद्रावर गेल्या. मी बातमीसाठी तिथेच होतो. शेतकरी आपापल्या पोत्यांतून धान आणत होते. हमाल ती पोती ढिगावर रिकामी करत, मग तेच धान घमेल्यांनी केंद्राच्या पोत्यात भरत, मोजत, शिवत. चंद्रकलाबाई अर्धा तास उभ्या राहून पाहत होत्या. मग त्यांनी हमालांच्या मुकादमाला गाठलं.

"एका पोत्यातलं काढून दुसऱ्यात कायले भरता? पोतं तेच राहू द्या. वरची चिठ्ठी बदला. माल हलवायची गरजच नाही."

मुकादमानं कपाळाचा घाम पुसला. "चिठ्ठी बदलून पोट भरते का, बाई? हमाली पोत्यावर आहे."

"पण धान तेच आहे ना?"

"धान तेच आहे. आमी बारा जन बी तेच आहोत. तुमच्या हिशोबानं घरी जाऊ का?"

बाकीचे हमाल हसले. एक जण म्हणाला, "बाईले मुकादम करा, मंग सगरेच बसून खाऊ." चंद्रकलाबाईही हसल्या. परतताना माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे मजकूर उगाच हलवला की मी लगेच खोडते. त्यावर कोणाचं पोट असेल हे कधी मनात नाही आलं." थोड्या वेळानं स्वतःच दुरुस्ती केली: "नसतेच. तिथं कोणी नसते." त्या वाक्याचा अर्थ मी तेव्हा फक्त तांत्रिक घेतला.

त्यांच्यावर लेख लिहायचा प्रयत्न मी केला होता. त्यांच्या पूर्वजांनी गावाकडे तलाव बांधलेला. त्यांच्या समाजाची ओळखच ती. मी लिहिलं की तलाव बांधणाऱ्यांची लेक आज माहितीच्या पाण्याला बांध घालते आहे. मसुदा वाचायला दिला. चंद्रकलाबाईंनी पट्टी लावली, खालून वर गेल्या, आणि पहिल्या परिच्छेदाशी थांबल्या.

"हे चूक आहे."

"उपमा आहे."

"चूक आहे. तलावाचं मोठेपण पाणी थांबवण्यात. इथं थांबलं की बिघडलं. आणि तलावात सगळ्यांचं पाणी एक होते, त्यातच त्याचं पुण्य. इथं एकाचं दुसऱ्यात मिसळलं तर गुन्हा. चांगलं दिसते म्हणून लिहिलं तुम्ही."

चांगलं दिसतं म्हणूनच लिहिलं होतं. लेख छापला गेला नाही. मजकूर नाकारण्याचं इतकं नेमकं कारण मला कोणत्याच संपादकानं दिलेलं नाही.

मारेकचं नाव मी पहिल्यांदा दुसऱ्या वर्षी ऐकलं. कुठल्याशा थंड देशातला, चंद्रकलाबाईंसारखाच बफरच्या कामात गढलेला माणूस. तो लिही, त्या तपासत. त्या लिहीत, तो तपासे. हे तेव्हाच नऊ वर्षं चाललं होतं. दोघं कधी भेटले नव्हते, फोनवर बोलले नव्हते. त्याचं वय त्यांना ठाऊक नव्हतं. फोटो पाहिला नव्हता. सगळा पत्रव्यवहार उघड्या यादीवर, कोणीही वाचावा असा, आणि सगळा कामाचा. फक्त शेवटी तो एक ओळ हवामानाची लिही आणि त्याही लिहीत. तिकडे तळं गोठलं. इथे धान कापून झालं. तिकडे वितळलं. इथे ऊन चाळिशीच्या वर गेलं.

"हे लिहिणं चालतं का यादीवर?" मी विचारलं.

"कोणी हरकत नाही घेतली."

सकाळी मी कार्यालय उघडायला येई तेव्हा चंद्रकलाबाई पडद्यासमोर असत. मारेकचं काही आलं असेल तर मधलं दार उघडायच्या आधीच चहाचा वास येई. आलं नसेल तर चहा उशिरा होई. एवढा फरक मला दिसत होता. त्याला मी तेव्हा सवय म्हणत होतो.

चौथ्या वर्षाच्या हिवाळ्यात मारेकनं त्याचं सगळ्यात मोठं काम यादीवर आणलं. पॅकेटची जागा वापरून झाल्यावर ती परत करायची, मग पुन्हा नवीन मागायची, हा फेरा त्यानं वाचवला होता. जागा एका साठ्यात ठेवायची आणि लगेच पुढच्या पॅकेटला द्यायची. वेग बराच वाढत होता. यावर त्यानं दोन वर्षं घालवली होती. चौथ्या आवृत्तीवर चंद्रकलाबाईंनी नाव दिलं: तपासलं. त्यानंतर इतरांच्या सूचनांनी किरकोळ बदल होत सातवी आवृत्ती आली. कर्नेलमध्ये नवे बदल दर दोन-अडीच महिन्यांच्या फेरीनं घेतले जात, आणि येत्या फेरीत ती समाविष्ट होणार हे जवळजवळ ठरलं होतं. चंद्रकलाबाईंनी ती पुन्हा छापून घेतली. गरज नव्हती. नाव आधीच दिलेलं होतं.

त्या दिवशी मी तहसीलची बातमी टाइप करत होतो. व्हरांड्यातून पट्टी खाली पडल्याचा आवाज आला. त्या उचलायला वाकल्या नाहीत.

चूक त्यांनी नंतर मला कागदावर काढून दाखवली. कधी कधी एकच पॅकेट एका वेळी दोन प्रोग्राम वाचत असतात, जागा मात्र एकच असते. अशा वेळी स्मृती कमी पडली आणि काम अर्ध्यावर सोडावं लागलं, तर मारेकची ओळ जागा सरळ साठ्यात परत टाकत होती. दुसरा अजून वाचतो आहे का, हे ती विचारत नव्हती. साठा ती जागा पुढच्या पॅकेटला देणार. मग दुसरा जे वाचेल ते त्याचं नसेल. कोणाचंही असेल.

"हे कितीदा होईल?"

"वर्षात एखाद्या वेळी. एखाद्या यंत्रावर. कदाचित कधीच नाही."

"मग?"

"मग कोणाचा तरी मजकूर कोणाला तरी दिसेल, आणि दोघांनाही कळणार नाही."

ही वाट चौथ्या आवृत्तीतही होती. नाव देताना त्यांनी ती पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात मारेकचं खाजगी पत्र आलं, अकरा वर्षांतलं पहिलं. चंद्रकलाबाईंनी त्यातलं मला एवढंच सांगितलं: त्याच्या कंपनीतली त्याची जागा या कामावर टिकून होती. काम या फेरीत आत गेलं नाही तर ती जात होती. सातव्या आवृत्तीवर पुन्हा एकदा नाव दे, म्हणजे कोणी शंका काढणार नाही, अशी त्याची विनंती होती.

मागच्या खोलीत दोन जुने संगणक तारेनं जोडून चंद्रकलाबाईंनी चूक प्रत्यक्ष घडवायचा प्रयत्न केला. स्मृती मुद्दाम तोकडी ठेवली, पॅकेटांचा मारा केला. अकरा दिवस ती यंत्रं चालू होती. लाइन गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला की पुन्हा सुरुवात. चूक घडली नाही.

बाराव्या दिवशी त्या मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हे त्या सहसा करत नसत.

"भाऊ, तुमच्याकडे छापून झाल्यावर चूक सापडली तर काय करता?"

"दुसऱ्या दिवशी खुलासा. आतल्या पानावर, खाली, बारीक अक्षरात."

"आमच्याकडे आतलं पान नाही," त्या म्हणाल्या.

"घडली कुठे चूक? तुम्ही अकरा दिवस पाहिलंत."

"मी पाहिलं तोवर नाही घडली."

"तो तुमचा मित्र आहे."

त्या शब्दावर चंद्रकलाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मसुद्यातल्या उपमेकडे पाहिलं होतं. मग त्यांनी तो शब्द तसाच राहू दिला. "हो," म्हणाल्या. "म्हणून तं दुसऱ्या कोणाच्या हातून त्याले हे नाही कळायला पाहिजे."

दुपारी त्यांनी यादीवर लिहिलं. मजकूर चार ओळींचा होता. चौथ्या आवृत्तीवर दिलेलं माझं नाव मी मागे घेते. ही वाट तेव्हाही होती, मी ती पाहिली नाही. ती अशी आहे. ही बुजेपर्यंत हे काम आत घेऊ नये. खाली हवामानाची ओळ होती: इथे धुकं आहे.

मारेकचं उत्तर तासाभरात आलं. तुझ्याकडे पुरावा आहे का? त्यांनी लिहिलं: पुरावा नाही, वाट आहे. यादीवर आणखी दोघांनी मत दिलं. एकानं चंद्रकलाबाईंना अतिसावध म्हटलं. शेवटी नेटवर्कचा भाग सांभाळणाऱ्या माणसानं काम पुढच्या फेरीवर ढकललं. मारेकनं एक ओळ लिहिली: समजलं. त्याखाली काही नव्हतं.

पुढच्या फेरीत तो आला नाही. त्याच्या नंतरच्याही नाही.

काही महिन्यांनी, आंबे यायला लागले होते तेव्हा, चंद्रकलाबाईंनी दीड पानाचा छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि बाजूला चपटी पेन्सिल. मारेकला खाजगी पत्र होतं, इंग्रजीत.

"माझं इंग्रजी कामचलाऊ आहे," मी म्हणालो.

"भाषा नाही पाहायची. जास्तीचं काढा."

लोकांचा मजकूर कापणं हा माझा धंदा. मी कापलं. माफी तीन ठिकाणी होती, ती एका ठिकाणी आणली. चुकीचं स्पष्टीकरण पुन्हा दिलं होतं, ते पूर्ण काढलं. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: गेली अकरा वर्षं रोज सकाळी मी आधी तुझं काही आलं आहे का ते पाहते, मग बाकीचं. त्यावरही मी रेघ मारली.

चंद्रकलाबाईंनी कागद घेतला, पट्टी न लावता वाचला, आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे का?"

"विषयाबाहेर आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बरोबर," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या पावसाळ्यात माझी गोंदियाच्या डेस्कवर बदली झाली. पुढच्या खोलीत विम्याचा एक एजंट आला. डेस्कवर काम करताना ते कापलेलं वाक्य मला अधूनमधून आठवे, आणि दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त नेमकं आठवे. त्या पत्रातली बातमी तेवढीच होती. बाकीचं दीड पान तिची पार्श्वभूमी. वार्ताहराला पहिल्या वर्षी शिकवतात ते मला विसाव्या वर्षी दिसलं नव्हतं.

मधे एकदा कामाची ती यादी मी स्वतः उघडून पाहिली. कुठल्याशा कंपनीतल्या अनोळखी माणसानं मारेकचं काम आपल्या यंत्रांवर परस्पर वापरलं होतं, आणि चंद्रकलाबाईंनी सांगितलेली चूक तिथे जशीच्या तशी घडली होती. एका पॅकेटच्या जागी दुसऱ्याचा मजकूर. त्यानं पुराव्यासकट लिहिलं होतं. अतिसावध म्हणणाऱ्यानं त्याखाली चंद्रकलाबाईंचे आभार मानले होते. चंद्रकलाबाईंनी उत्तरात दुरुस्तीच्या तीन ओळी दिल्या होत्या आणि त्या ओळींचा लेखक म्हणून मारेकचं नाव घातलं होतं, कारण तशी दुरुस्ती त्यानंच एका जुन्या कामात केलेली होती, असं स्पष्टीकरण दिलं होतं. एरवी नावापुढे मेलचा पत्ता असतो, इथे तो नव्हता.

मी शेवटचा गोरेगावला गेलो तो बाजाराच्या दिवशी, दुसऱ्याच कामानं. काम संपल्यावर त्यांच्याकडे गेलो. सायत्राबाई ओट्यावर होत्या.

"का गा पत्रकार, वाट चुकलास का?"

"भेटायला आलो, मावशी."

"जा, आतच आहे. कोठं जाते ते."

चंद्रकलाबाईंनी काळा चहा केला. विमा एजंट फोनवर फार मोठ्यानं बोलतो, अशी तक्रार केली. मधलं दार आता बंद असे. मी वाक्य मनात जुळवून आलो होतो, तरी ते सरळ आलं नाही.

"त्या पत्रातली शेवटची ओळ मी कापायला नको होती."

"कापायचीच होती. तुम्ही बरोबर तपासलं."

"नाही."

"ऐका तं." त्यांनी कप खाली ठेवला. "पाठवताना मी ती परत घातली होती."

"मग? काही उत्तर?"

"मिनिटभरात परत आलं. पत्ता बंद होता. तो कंपनीचा पत्ता होता, कंपनीनं काढला असेल. दुसरा माझ्याकडे नव्हता. अकरा वर्षांत कधी लागलाच नाही."

रस्त्यावरून बाजाराला निघालेला टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"म्हणजे ते कोणी वाचलंच नाही," मी म्हणालो.

"तुम्ही वाचलं ना."

मी चहा संपवला. मग त्यांनीच सांगितलं की हल्ली त्या यादीवरच्या नवख्या माणसांचं काम वाचतात, ज्यांना कोणी उत्तर देत नाही त्यांचं. पहिल्यांदा लिहिणारे, नाव कोणी न ऐकलेले.

"शिकवायला?"

"तेही होते." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "मारेक कोडमधल्या टिपा प्रश्न करून लिहायचा. इथे आपण कसे पोचलो? हे कोणाची वाट पाहते आहे? असं. दुसरं कोणी असं लिहीत नाही. नवीन नावानं लिहिलं तरी मला ओळखू येईल."

"आला तर?"

"तपासीन," त्या म्हणाल्या.

मी उठलो. मागच्या खोलीत पडद्यावर काहीतरी नवीन येऊन पडलं होतं. दारातून मला फक्त अक्षरांच्या ओळी दिसल्या. चंद्रकलाबाई माझ्या आधी आत गेल्या, उभ्या उभ्याच वाचू लागल्या, आणि मग न पाहता हातानं खुर्ची चाचपून तिच्यावर बसल्या. मी येतो म्हणालो. त्यांना ऐकू आलं नसावं. एजंटचा फोन चालू होता. मी चपला घातल्या आणि बाहेरचं फाटक आवाज न करता लावून घेतलं.